टर्मिनल रद्द झालं, पुढे काय?

१९ जानेवारी २०२४, शुक्रवार. बांगलादेशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर चट्टोग्राम, म्हणजे आपण ज्याला चितगाव म्हणतो ते. सुट्टीच्या दिवशी सकाळी लोकांनी शेगडीचं बटण फिरवलं आणि ज्योत पेटलीच नाही. एका घरात नाही, गल्लीत नाही, अख्ख्या शहरात. हॉटेलांपुढे गर्दी, सीएनजी पंपांवर रांगा. तिकडे ऑटोरिक्षाला ‘सीएनजी’ असंच म्हणतात. त्या दिवशी त्या ‘सीएनजी’ला सीएनजी मिळेना.

कारण काय, तर शहरापासून बऱ्याच दूर, समुद्रात उभ्या असलेल्या एका जहाजावर बिघाड झाला होता. देखभालीनंतर ते जहाज पुन्हा चालू करताना काहीतरी अडलं आणि लाखो लोकांच्या स्वयंपाकघरातली आग विझली.

आता दुसरी तारीख. त्याच वर्षीचा ऑक्टोबर महिना. तसंच तिसरं जहाज आणून उभं करायचा करार बांगलादेश सरकारने रद्द केला. आता तुम्ही म्हणाल, हे काय लॉजिक आहे? गॅस कमी पडतोय, तर गॅस आणायची सोय वाढवायची की रद्द करायची?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला गेलात तर पाकिटातल्या पैशांपासून सत्तापालटापर्यंत आणि मोहेशखालीपासून आपल्या गुहागरपर्यंत बरंच काही हाताला लागतं. इंजिनीअरिंग, कॉमर्स, लॉ, पॉलिटिकल सायन्स, तुमचा विषय कोणताही असो, ही केस स्टडी तुमच्याच सिलॅबसमधली आहे.

गॅसवर बसलेला देश

बांगलादेश हा मुळात गॅस असलेला देश आहे. ब्राह्मणबारियाजवळचं तितास गॅसक्षेत्र १९६२ मध्ये सापडलं. पुढे बिबियाना सापडलं. खतं, वीज, कपड्यांचे कारखाने, घरातल्या शेगड्या, सगळं या स्वस्त देशी गॅसवर उभं राहिलं. तुम्ही मॉलमधून घेतलेल्या टी-शर्टच्या कॉलरमागे ‘मेड इन बांगलादेश’ लिहिलेलं असतं ना, त्याचा धागा रंगवणारा बॉयलरही बहुतेक याच गॅसवर चाललेला असतो.

पण विहिरी म्हाताऱ्या होतात. २०१६-१७च्या सुमाराला देशात दिवसाला सुमारे २७० कोटी घनफूट गॅस निघत होता. २०२४ पर्यंत तो २०० कोटींच्या आसपास आला. मागणी मात्र ४०० कोटींच्या घरात पोहोचली. नवा गॅस शोधायची सरकारी कंपनी आहे, तिचं नाव बापेक्स. पण शोधकामाला जितका पैसा आणि जितकी घाई द्यायला हवी होती, तितकी दिली गेली नाही, अशी टीका तिथले तज्ज्ञ वर्षानुवर्षं करत आले. बंगालच्या उपसागरातल्या सीमांचे वाद मिटले. म्यानमारबरोबरचा २०१२ मध्ये, भारताबरोबरचा २०१४ मध्ये. मोठा समुद्र हक्काचा झाला. तरी तिथे गॅस शोधायचं काम रेंगाळतच राहिलं.

मग सोपा वाटणारा मार्ग निघाला, बाहेरून गॅस आणायचा. शेजारी पाइपलाइन नाही, म्हणून जहाजातून.

जहाजातून गॅस येतो कसा?

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याचं आकारमान साधारण ६०० पटींनी कमी होतं. हाच एलएनजी. थर्मासच्या थोरल्या भावासारख्या टाक्या असलेल्या जहाजातून तो कतारहून किंवा आणखी कुठून निघतो आणि बंदराशी आला की त्याचा पुन्हा वायू करावा लागतो. हे काम जिथे होतं ते टर्मिनल.

टर्मिनल जमिनीवर बांधायचं तर बरीच वर्षं आणि बराच पैसा लागतो. शॉर्टकट असा, की टाक्या आणि गरम करायची यंत्रणा दोन्ही असलेलं एक जहाजच भाड्याने आणायचं, किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर नांगरून ठेवायचं आणि समुद्रतळावरच्या पाइपने गॅस जमिनीवर न्यायचा. या तरंगत्या टर्मिनलला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफएसआरयू म्हणतात.

कॉक्स बाजार जिल्ह्यातलं मोहेशखाली हे बेट मिठागरांसाठी, सुक्या मासळीसाठी आणि गोड विड्याच्या पानांसाठी ओळखलं जातं. टेकडीवर आदिनाथाचं, म्हणजे शंकराचं जुनं देऊळ आहे. या बेटासमोरच्या समुद्रात २०१८ मध्ये पहिलं तरंगतं टर्मिनल आलं, अमेरिकेतल्या एक्सेलरेट एनर्जी कंपनीचं. २०१९ मध्ये दुसरं आलं, बांगलादेशी उद्योगसमूह समिटचं. दोन्हींची मिळून क्षमता दिवसाला सुमारे ११० कोटी घनफूट. चट्टोग्राम शहर तर जवळजवळ पूर्णपणे या आयात गॅसवर गेलं. म्हणूनच एका जहाजाला शिंक आली की शहराला ताप येतो.

आणि हा समुद्र म्हणजे चक्रीवादळांचा हमरस्ता. मे २०२३ मध्ये ‘मोखा’ आलं, तेव्हा खबरदारी म्हणून दोन्ही टर्मिनलं बंद करावी लागली. मे २०२४ मध्ये ‘रेमल’ आलं. त्या वादळात भरकटलेला एक अवजड लोखंडी तराफा समिटच्या जहाजावर आदळला. जहाज दुरुस्तीला सिंगापूरला न्यावं लागलं. परत आलं तर नांगरायच्या यंत्रणेत अडचण. पुरवठा नीट सुरू व्हायला सप्टेंबर उजाडला. म्हणजे साडेतीन महिने देशाची निम्मी आयात-क्षमता बंद. कारखाने अर्ध्यावर चालले, गावागावांत लोडशेडिंग वाढलं.

या एकाच अपघाताचे दोन अर्थ काढता येतात, आणि दोन्ही बाजू हुशारीने मांडता येतात. एक बाजू म्हणते, ‘बघा, दोनच जहाजं आहेत म्हणून हे झालं. तिसरं असतं तर निभावलं असतं.’ दुसरी म्हणते, ‘बघा, त्याच वादळाच्या वाटेवर तिसरं जहाज उभं करणार? म्हणजे पुढच्या वेळी तीन बंद पडतील.’ डिबेट कॉम्पिटिशनला विषय हवा असेल तर हा घ्या. पण थांबा, या वादात अजून पैशाचा मुद्दा आलेलाच नाही.

दिवसाला ३ लाख डॉलर

तिसऱ्या टर्मिनलचा करार मार्च २०२४ मध्ये झाला. एका बाजूला सरकारी पेट्रोबांगला, दुसऱ्या बाजूला समिट. जागा तीच, मोहेशखाली. क्षमता दिवसाला ६० कोटी घनफूट. मुदत १५ वर्षं. तिथल्या वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्यांनुसार कंपनीला द्यायचा आकार होता दिवसाला सुमारे ३ लाख डॉलर.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. ३ लाख गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला जवळपास ११ कोटी डॉलर. गुणिले १५, म्हणजे १६४ कोटी डॉलर. आणि लक्षात घ्या, यात गॅसची किंमत नाही. हा फक्त द्रवाचा वायू करून देण्याचा आकार. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर हे खोलीचं भाडं झालं, मेसचं बिल वेगळं.

जगभर अशा करारांत बहुतेक आकार स्थिर असतो. तुम्ही गॅस आणा की नका आणू, जहाज उभं आहे, भाडं चालू. जिमची वर्षाची मेंबरशिप घेऊन जानेवारीनंतर न जाणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच, की जिमचे पैसे तुमचे असतात आणि हे पैसे जनतेचे.

बांगलादेशाला हा अनुभव विजेच्या बाबतीत आलेलाच होता. ३० एप्रिल २०२४ रोजी तिथे विक्रमी वीजनिर्मिती झाली, १६,४७७ मेगावॉट. आणि उभारून ठेवलेली क्षमता होती सुमारे २७ हजार मेगावॉट. न चालणाऱ्या प्रकल्पांनाही ‘कपॅसिटी चार्ज’ द्यावा लागतो, त्याने तिथल्या वीज मंडळाचं कंबरडं मोडलं होतं.

दुसरी गोम डॉलरची. २०२२च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे ८६ टका पडत होते. २०२४च्या अखेरीला सुमारे १२०. म्हणजे जे ३ लाख डॉलर आधी २ कोटी ५८ लाख टकांत भागले असते, त्यालाच ३ कोटी ६० लाख टका. कंपनीने दर एक पैशानेही वाढवला नाही, तरी बिल जवळपास ४० टक्क्यांनी फुगलं. बिल भरणारा मात्र कमावतो टकांतच.

तिसरी गोम खुद्द गॅसची. आशियातल्या खुल्या बाजारात २०२० मध्ये एलएनजीचा भाव एका एमएमबीटीयूला, म्हणजे गॅस मोजायच्या एककाला, २ डॉलरच्या खाली गेला होता. रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, युरोप मिळेल त्या किमतीला जहाजं विकत घेऊ लागला आणि २०२२ मध्ये हाच भाव ७० डॉलरच्या पुढे गेला. एका जहाजात साधारण ३३ लाख एमएमबीटीयू गॅस असतो. म्हणजे भाव एका डॉलरने वाढला की एका जहाजामागे ३३ लाख डॉलर जास्त. जुलै २०२२ मध्ये बांगलादेशाने खुल्या बाजारातली खरेदी थांबवली, ती फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. मधले महिने अंधारात आणि उकाड्यात गेले. टर्मिनल होतं, त्याचं भाडं चालू होतं, पण जहाजात भरायला गॅस परवडत नव्हता.

तेव्हा ‘अजून एक टर्मिनल हवं का’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलाय. त्या टर्मिनलमधून येणारा गॅस विकत घ्यायला पैसे आहेत का?

‘प्रश्न विचारू नका’ असा कायदा

इथपर्यंत सगळा हिशेब झाला. आता हे करार कसे होत होते ते बघा, कारण खरी मेख तिथे आहे.

२०१० मध्ये बांगलादेशात विजेची भीषण टंचाई होती. शेख हसीना सरकारने ‘वीज आणि ऊर्जा पुरवठा जलद वाढवण्यासाठी’ विशेष कायदा आणला. त्यात निविदा न काढता थेट वाटाघाटीने करार करायची मुभा होती. आणि त्याहून कडक तरतूद म्हणजे या कायद्याखाली घेतलेल्या निर्णयांना कोर्टात आव्हान देता येणार नाही. कायदा आधी २ वर्षांपुरताच होता. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, असं करत तो चौदा वर्षं टिकला. टंचाई सरली, वीज जास्त झाली, तरी ‘तातडी’ काही संपेना. पहिली दोन्ही तरंगती टर्मिनलं याच कायद्याखाली आली आणि तिसरंही.

अर्थतज्ज्ञ अनु मुहम्मद यांच्यासारखे प्राध्यापक आणि तिथली ग्राहक संघटना या कायद्यावर वर्षानुवर्षं बोलत होती. ऐकणारं कोणी नव्हतं. भर म्हणून गॅस-विजेचे दर जनसुनावणीशिवाय परस्पर वाढवायचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला.

मग आला २०२४चा जुलै. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या विरोधात कॉलेजची मुलंमुली रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला, शेकडो जीव गेले आणि ५ ऑगस्टला हसीना यांना देश सोडावा लागला. मुहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकार आलं. त्या सरकारने पहिल्याच महिन्यात या विशेष कायद्याखालची नवी कामं थांबवली आणि सुनावणीविना दर वाढवायचा अधिकारही काढून टाकला. नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने कायद्यातली कोर्टबंदीची तरतूद बेकायदा ठरवली आणि महिनाअखेरीला अख्खा कायदाच अध्यादेशाने रद्द झाला.

याच दरम्यान, ऑक्टोबरमध्ये, तिसऱ्या टर्मिनलचा करार पेट्रोबांगलाने रद्द केला. दिलेलं कारण तांत्रिक होतं. कंपनीने ‘परफॉर्मन्स बाँड’, म्हणजे काम पूर्ण करण्याची आर्थिक हमी, ठरलेल्या मुदतीत नीट दिली नाही. समिटला हे मान्य नव्हतं. रद्द करणं अन्यायाचं आहे, फेरविचार करा, अशी भूमिका कंपनीने घेतली.

कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा या पानावर होणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही नोंदवून ठेवा. करार रद्द झाला तेव्हा तो कागदावर होता. समुद्रात नवं जहाज आलेलं नव्हतं. तळावर पाइप पडलेला नव्हता. कागद फाडणं त्या मानाने स्वस्त पडतं. लोखंड आणि काँक्रीट पडल्यावर रद्द करायला गेलं की काय होतं, हे मराठी माणसाला बाहेरून शिकायची गरज नाही.

आपलं दाभोळ आठवतंय?

तुमच्या जन्माआधीची गोष्ट आहे, त्यामुळे आईबाबांना विचारा. ‘एन्रॉन’ म्हटलं की ते पुढचा अर्धा तास बोलतील.

रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या परिसरात २,१८४ मेगावॉटचा वीजप्रकल्प उभारायचा, त्याला जोडून एलएनजीचं टर्मिनल बांधायचं, असा अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा बेत होता. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, निविदेशिवाय. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला. तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीजखरेदीचा करार झाला. वीज घ्या किंवा न घ्या, स्थिर आकार द्यायचाच आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. ओळखीचं वाटतंय ना?

१९९५ मध्ये राज्यात युतीचं सरकार आलं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी करार रद्द केला. पण तोपर्यंत काम सुरू झालं होतं. कंपनी लंडनला लवादाकडे गेली. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि जो नवा करार झाला त्यात प्रकल्पाचे दोन्ही टप्पे पक्के झाले. रद्द करायला निघालेलं सरकार आणखी मोठा प्रकल्प गळ्यात घेऊन परतलं.

१९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. वीज इतकी महाग पडू लागली की राज्य वीज मंडळाला ती परवडेना. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. अर्धवट बांधलेलं टर्मिनल समुद्राकडे तोंड करून तसंच उभं राहिलं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून प्रकल्प सावरायचा प्रयत्न झाला. टर्मिनल सुरू व्हायला जानेवारी २०१३ उजाडलं. आणि तेव्हाही लाटा अडवणारा बांध, म्हणजे ब्रेकवॉटर, पूर्ण नव्हता. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लावता येत नव्हतं.

या सगळ्यात तुमच्यासाठी एक खास गोष्ट आहे. पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्रॉनच्या कराराचा हिशेब मांडून दाखवला होता. ते तेव्हा तरुण होते. हातात सत्ता नव्हती, पद नव्हतं. होती ती आकडेमोड आणि करारातली कलमं वाचायची चिकाटी. ही वीज ग्राहकाला आणि मंडळाला झेपणार नाही, हे त्यांनी प्रकल्पातून पहिलं युनिट बाहेर पडायच्या कितीतरी आधी आकड्यांनिशी सांगितलं होतं. ऐकलं गेलं असतं तर काय झालं असतं, हा जर-तरचा भाग. पण गणित बरोबर होतं.

रद्द झाल्यावरचं बिल

पुन्हा बांगलादेशात जाऊ. करार रद्द झाल्याची बातमी वाचून आपल्याला वाटतं, चला, एक प्रकरण मिटलं. पण शेगडीला ते माहीत नसतं. तिला गॅस लागतोच.

रद्द केल्यानंतरही देशी उत्पादन घसरतंच राहिलं. मार्च २०२४ मध्येच समुद्रातल्या २४ ब्लॉकसाठी निविदा काढली होती. काही कंपन्यांनी कागदपत्रं विकत नेली, पण मुदत संपली तेव्हा एकीनेही बोली लावली नव्हती. भोला बेटावर गॅस सापडलेला आहे, पण मुख्य भूमीवर आणायला पाइपलाइन नाही. त्यातला थोडासा सीएनजी करून सिलिंडरमधून नेला जातो. जमिनीवरचं मोठं टर्मिनल बांधायचा बेत वर्षानुवर्षं फायलीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये अंतरिम सरकारने अमेरिकेतल्या एका नियोजित प्रकल्पातून वर्षाला ५० लाख टन एलएनजी घेण्याचा प्राथमिक, बंधनकारक नसलेला करार केला. म्हणजे गाडी पुन्हा आयातीच्याच रस्त्यावर.

आणि बिल? पेट्रोबांगलाने नव्या कारखान्यांसाठी गॅसचा दर घनमीटरला ३० टकांवरून थेट ७५ टका ७२ पैशांवर न्यायचा प्रस्ताव मांडला. इथे एक बदल मात्र झाला होता. जनसुनावणी परत आली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऊर्जा नियामक आयोगापुढे सुनावणी झाली. उद्योजक आले, ग्राहक संघटना आली, आकड्यांवर जोरदार खडाजंगी झाली. एप्रिलमध्ये आयोगाने नव्या जोडण्यांसाठी दर ठरवला, ४० टका.

वाढ झालीच. ३० वरून ४० म्हणजे ३३ टक्के, ही काही थोडी नाही. नवा कारखाना काढणाऱ्याला जुन्यापेक्षा महाग गॅस, यावर तिथे नाराजीही आहे. पण ७५ आणि ४० यांच्यात जे अंतर आहे ते बंद खोलीत कापलं गेलं नसतं. चार लोकांनी समोर उभं राहून ‘हा आकडा आला कुठून?’ असं विचारल्यावर ते कापलं गेलं. टर्मिनल रद्द होण्याच्या बातमीला मोठे मथळे मिळाले. माझ्या मते त्या वर्षातला जास्त टिकाऊ बदल हा सुनावणीचा होता.

मग आपण काय करायचं?

‘आम्ही कॉलेजची पोरं, आम्ही काय गॅस टर्मिनल अडवणार की आणणार?’ असं म्हणून पान उलटू नका. अडवा किंवा आणा असं इथे कोणी सांगत नाहीये. काही टर्मिनलं खरोखर गरजेची असतात. गॅस नसेल तर कोळसा किंवा डिझेल जाळावं लागतं, हेही खरं. मुद्दा एवढाच, की प्रकल्प चांगला की वाईट हे त्याच्या रंगीत ब्रोशरवरून कळत नाही आणि विरोधाच्या घोषणेवरूनही कळत नाही. ते करारात लिहिलेलं असतं.

कोकणच्या किनाऱ्यावर, नाहीतर तुमच्या गावाशेजारी, पुढचा मोठा प्रकल्प येईल तेव्हा हे पाच प्रश्न खिशात ठेवा.

एक, निविदा निघाली होती का? नसेल, तर घाई नेमकी कसली होती आणि ती किती दिवसांची होती?

दोन, प्रकल्प बंद असला तरी पैसे द्यायचे आहेत का? किती आणि किती वर्षं?

तीन, हिशेब रुपयांत की डॉलरमध्ये? रुपया घसरला तर फरक कोण सोसणार?

चार, वादळ, बिघाड, युद्ध झालं तर पर्याय काय? सगळी अंडी एकाच टोपलीत, एकाच समुद्रात तर नाहीत?

पाच, रद्द करायची वेळ आली तर कोणत्या टप्प्यावर किती भुर्दंड पडेल?

या प्रश्नांची उत्तरं मागायची दारं आपल्याकडे आहेत. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते आणि त्याची किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. वीजदराच्या प्रस्तावावर राज्य वीज नियामक आयोगाकडे कोणीही लेखी हरकत नोंदवू शकतं, त्याला वकील लागत नाही. २००५ पासून माहिती अधिकार आहे. या सुनावण्यांना खुर्च्या रिकाम्या असतात, असलीच तर गर्दी आणलेली असते. तिथे एखाद्या इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थिनीने कॅल्क्युलेटर घेऊन उभं राहायला काय हरकत आहे? प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातला एक वीजखरेदी करार काढून वाचा. पहिली दहा पानं कंटाळवाणी असतात. अकराव्या पानापासून थ्रिलर सुरू होतो.

ढाक्यातल्या मुलामुलींनी सरकार बदललं, त्याची जबर किंमत मोजून. पण सरकार बदलल्यावरही गॅसचं गणित तिथेच होतं, डॉलर तिथेच होता आणि मोहेशखालीसमोरचा समुद्रही तसाच खवळत होता. ते गणित सोडवायचं काम रस्त्यावर होत नाही. त्यासाठी कोणीतरी टेबलाशी बसून कलमं वाचावी लागतात, आणि शाई वाळायच्या आत वाचावी लागतात. पुढचा करार जेव्हा आपल्या टेबलावर येईल, तेव्हा वाचणाऱ्यांत तुम्ही असाल का?